पावसाची भीती कमी होते तेव्हा मेंदूत काय घडतं

२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठची घरं झोपेतच पाण्यात सापडली. माझी काकू तेव्हा त्याच भागात तळमजल्यावर राहायची. अंधारात पलंगावरून पाय खाली टाकला तो घोटाभर पाण्यात. काकांना उठवून जिना गाठेपर्यंत पाणी मांडीला लागलं होतं. जिन्यावरून टॉर्चच्या उजेडात पाहिलेलं ती अजून जसंच्या तसं सांगते: स्वयंपाकघरातून फ्रिज तरंगत आला आणि दाराच्या चौकटीत अडकून धडधड आपटत राहिला.

पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या पत्र्यावर थेंब वाजले, की तिचं अंग ताठ व्हायचं. कागदपत्रांची पिशवी दाराशी टांगलेली, चपला पलंगाजवळ. साध्या सरीलाही ती काकांना घेऊन गच्चीच्या जिन्यात जाऊन बसायची. शेवटी एका मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी तिला काय करायला लावलं, तर पाऊस सुरू झाला की जिन्यात जायचं नाही. गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं आणि तो थांबेपर्यंत बसून राहायचं. आधी दोघांनी, मग एकटीने. ऑगस्टपर्यंत ती गॅलरीत चहा घेऊन बसू लागली. पिशवी कपाटात गेली.

२०२५च्या उन्हाळ्यात त्यांनी ते घर विकून नागपुरातल्याच बेसाला चौथ्या माळ्यावर फ्लॅट घेतला. जूनच्या शेवटी पहिला मोठा पाऊस आला आणि रात्री दोनला मला फोन. "माय, चौथ्या माळ्यावर पाणी कसं येणार, हे मला कळते. पण पोटाला कळत नाही. हातपाय थरथरून राहिले. मी बरी झालीच नव्हती का?"

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. त्या रात्री मी तिला जे तुटक तुटक सांगितलं, ते इथे नीट मांडते आहे, कारण हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. काकू बरी झाली होती. पण मेंदूत 'बरं होणं' म्हणजे भीतीची आठवण खोडली जाणं नव्हे. जुनी आठवण जागच्या जागी राहते, आणि तिच्याशेजारी 'आता धोका नाही' अशी दुसरी आठवण तयार होते. मानसशास्त्रात या प्रक्रियेला विलोपन म्हणतात. नाव जरा फसवं आहे, कारण लोप पावते ती प्रतिक्रिया, आठवण नाही.

हे पहिल्यांदा लक्षात आलं ते इव्हान पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाला. पचनावरच्या कामासाठी त्याला १९०४ साली नोबेल मिळालं होतं. कुत्र्याला खाणं देण्याआधी ठरावीक आवाज केला, की काही दिवसांनी नुसत्या आवाजानेच लाळ सुटते, हा त्याचा प्रयोग शाळेतल्या पुस्तकातही असतो. पुढचा भाग मात्र पुस्तकात क्वचित येतो. आवाज करत राहायचं पण खाणं द्यायचं नाही, असं केल्यावर लाळ कमी होत होत थांबते. मग कुत्र्याला काही वेळ विश्रांती द्यायची आणि पुन्हा आवाज करायचा. लाळ परत सुटते! मधे कुणी काहीही नव्याने शिकवलेलं नाही. जुना धडा पुसला गेला असता तर तो आपोआप परत आला नसता. म्हणजे तो होताच, फक्त दाबलेला होता.

भीतीच्या बाबतीत हेच काम उंदरांवर झालं. एक विशिष्ट सूर वाजतो आणि पायाला विजेचा हलका झटका बसतो. दोन-चार वेळा असं झालं, की नुसता सूर ऐकून उंदीर जागच्या जागी थिजतो. मग झटक्याशिवाय सूर पुन्हा पुन्हा ऐकवत गेलं, की थिजणं कमी होतं. काकूचा पत्र्यावरचा पाऊस म्हणजे उंदराचा सूर आणि पलंगाखालचं पाणी म्हणजे झटका. गॅलरीतल्या खुर्चीवर चाललं होतं ते विलोपन.

आता पेशीच्या आत जाऊ. मला स्वतःला सगळ्यात जास्त ओढ याच भागाची आहे.

कानाच्या वर, मेंदूच्या आतल्या बाजूला बदामाएवढा एक भाग आहे, अमिग्डला. एक डावीकडे, एक उजवीकडे. सुराची बातमी आणि झटक्याची बातमी इथल्या पेशींवर एकत्र येतात. सुराची बातमी आणणारा चेतातंतूचा धागा सुरुवातीला कमजोर असतो. त्याच्या टोकातून ग्लुटामेट नावाचं रसायन सुटतं, पण समोरची पेशी त्याने फारशी हलत नाही. झटक्याची बातमी मात्र जोरकस, ती पेशीला खडबडून जागं करते. या दोन गोष्टी एकाच क्षणी घडल्या आहेत हे पेशीला कसं कळतं? त्यासाठी तिच्या पृष्ठभागावर एनएमडीए नावाचे रिसेप्टर, म्हणजे रसायनाचा निरोप पकडणारे रेणू, असतात.

बँकेतलं लॉकर आठवा. एक किल्ली आपली, एक बँकेची. दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. एनएमडीए रिसेप्टर तसाच आहे. तो म्हणजे पेशीच्या भिंतीतली एक बारीक नळी. एरवी या नळीत मॅग्नेशियमचा एक आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, बुचासारखा बसलेला असतो. नुसतं ग्लुटामेट येऊन चिकटलं तर नळीचं तोंड उघडतं, पण बूच तसंच राहतं. पेशी आधीच जोरात उद्दीपित झालेली असेल, म्हणजे तिच्या आतला विद्युतभार बदललेला असेल, तर मात्र मॅग्नेशियम बाहेर ढकललं जातं. पहिली किल्ली ग्लुटामेटची, दुसरी झटक्याने आणलेल्या उद्दीपनाची. दोन्ही एका वेळी लागल्या की कॅल्शियम आत धावतं. 'हे आणि ते एकत्र घडलं' ही गोष्ट एका रेणूला कळावी, हे मला वर्गात शिकवताना दर वर्षी तितकंच थक्क करतं.

आत आलेलं कॅल्शियम एका एन्झाइमला, म्हणजे पेशीतल्या क्रिया घडवून आणणाऱ्या प्रथिनाला, कामाला लावतं, ते दुसऱ्याला. काही मिनिटांत एएमपीए नावाचे आणखी रिसेप्टर पेशीच्या आतून वर आणून धागा आणि पेशी यांच्यातल्या त्या जोडावर बसवले जातात. त्यामुळे पुढच्या वेळी तेवढंच ग्लुटामेट आलं तरी पेशी जोरात प्रतिसाद देते. काही तासांत निरोप पेशीच्या केंद्रापर्यंत जातो, जनुकं चालू होतात, नवी प्रथिनं बनतात आणि जोड पक्का होतो. काकूच्या डोक्यात पत्र्याचा आवाज आणि पाणी यांचं लग्न लागलं ते असं, बहुधा त्या एकाच पहाटे.

मग विलोपनात याच्या उलटं घडत असेल, जोड आपोआप सैल पडत असेल, असं कुणालाही वाटेल. मलाही कॉलेजात तसंच वाटायचं. १९९२ साली मायकेल डेव्हिस यांच्या प्रयोगशाळेने एक साधा प्रयोग केला. उंदरांना भीती शिकवून झाली होती. विलोपनाचा धडा देण्याआधी त्यांनी अमिग्डलात एनएमडीए रिसेप्टर बंद करणारं औषध सोडलं. झटक्याशिवाय इशारा (या प्रयोगात सुराऐवजी दिव्याचा उजेड) मिळत राहिला, पण भीती कमी झालीच नाही. विलोपन म्हणजे नुसतं झिजणं असतं, तर रिसेप्टर बंद केल्याने काय फरक पडणार होता? फरक पडला, याचा अर्थ भीती शिकायला जी यंत्रणा लागते तीच 'आता भीती नाही' हे शिकायलाही लागते. न घाबरणं हाही एक धडा आहे आणि त्यालाही कॅल्शियम, एन्झाइम आणि नवी प्रथिनं खर्ची पडतात. काकू गॅलरीत नुसती बसलेली दिसायची, पण संध्याकाळी पार थकून जायची. ते मला आता समजतं.

हा धडा कुठे लिहिला जातो? थोडा अमिग्डलात. २००८ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या एका गटाला उंदरांच्या अमिग्डलात दोन वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी सापडल्या. एक प्रकार भीती चढलेली असताना सुराला प्रतिसाद देतो, दुसरा प्रकार विलोपन झाल्यावर. भीती कमी होत जाते तसा पहिला गप्प होतो आणि दुसरा बोलू लागतो. पुढचं काकूच्या कामाचं आहे: उंदराला वेगळ्या जागी नेऊन सूर ऐकवला, की हे पारडं पुन्हा पहिल्या पेशींकडे झुकलं.

आणि थोडा कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये. २००२ साली मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी दाखवलं, की विलोपनाच्या दुसऱ्या दिवशी जे उंदीर सूर ऐकून शांत राहतात, त्यांच्या या भागातल्या एका छोट्या पट्ट्यातल्या पेशी सूर वाजताच बोलू लागतात. त्या पट्ट्याला त्यांनी बाहेरून सुरासोबत हलकं विद्युत उद्दीपन दिलं, तर विलोपनाचा धडा न मिळालेले उंदीरही कमी थिजले. या पट्ट्यातून धागे अमिग्डलाकडे जातात. तिथे दाटीवाटीने बसलेल्या काही लहान पेशी आहेत, त्या गाबा नावाचं रसायन सोडतात. गाबाचं काम पेशीला शांत करणं. ज्या भागातून छाती धडधडवण्याचा आणि अंग थिजवण्याचा हुकूम सुटतो, त्याच्या तोंडावर या पेशी बसल्या आहेत. भीतीची तार आहे तशीच जोडलेली राहते, पण शेवटच्या स्टेशनवर सिग्नल लाल होतो.

आघातानंतर वर्षानुवर्षं त्रास होणाऱ्या माणसांमध्येही या दोन टप्प्यांचा फरक दिसला आहे. पहिल्या दिवशी सत्रात भीती कमी होते, दुसऱ्या दिवशी तो धडा आठवायची वेळ आली, की कपाळामागचा भाग हवा तेवढा जागा होत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, या माणसाने मनावर घेतलं नाही. घरातल्या माणसांनी हे एवढं तरी समजून घ्यावं, अशी माझी फार इच्छा आहे. धडा झालेला असतो, तो वेळेवर हाती लागत नाही.

आणखी काही रेणूंची नावं घेते. बीडीएनएफ नावाचं एक प्रथिन चेतापेशींचे जोड वाढवायला मदत करतं. २०१० साली क्वर्क यांच्याच गटाने ते उंदरांच्या त्या कपाळामागच्या पट्ट्यात सोडलं, तर विलोपनाचा धडा न देताही भीती उतरली. भीतीची मूळ आठवण मात्र शाबूत होती, पुन्हा झटका दिल्यावर ती परत आली. दुसरं उदाहरण मेंदू स्वतः बनवतो त्या गांजासदृश रसायनांचं. ही ज्या रिसेप्टरवर बसतात तो रिसेप्टरच नसलेले उंदीर २००२ साली तपासले गेले. ते भीती नीट शिकले, पण ती सोडणं त्यांना जमलं नाही. यावरून गांजा ओढल्याने भीती जाते असा अर्थ काढू नका. मेंदू हे रसायन नेमक्या जागी, नेमक्या क्षणी, चिमूटभर सोडतो. धुरातून येणारं सगळीकडे पसरतं.

एक रेणू मात्र 'काहीच पुसलं जात नाही' या माझ्या म्हणण्याला छेद देतो. कॅल्सिन्युरिन हे एन्झाइम प्रथिनांवर चिकटवलेले फॉस्फेटचे गट काढून टाकतं, म्हणजे भीती शिकताना झालेल्या खुणा काही प्रमाणात सोलून काढतं. विलोपनानंतर ते अमिग्डलात वाढलेलं दिसलं आणि ते बंद केल्यावर विलोपन बिघडलं. म्हणून आज बहुतेक अभ्यासक मानतात, की थोडं खोडरबर चालतं आणि बरंचसं नवं लेखन होतं.

पूर्ण खोडणं निसर्गात होतच नाही असंही नाही. उंदराची पिल्लं साधारण तीन आठवड्यांची होण्याआधी भीती शिकली आणि मग विलोपन झालं, तर ती भीती परत येत नाही. मोठ्यांमध्ये ती येते. फरक एका जाळीचा आहे. वय वाढताना अमिग्डलातल्या काही पेशींभोवती साखर आणि प्रथिनांची दाट जाळी विणली जाते. २००९ साली मोठ्या उंदरांच्या अमिग्डलातली ही जाळी एका एन्झाइमने विरघळवली, तेव्हा त्यानंतर शिकलेली भीती पिल्लांसारखी पुसता आली. आधी शिकलेली मात्र नाही. म्हणजे वयात आल्यावर मेंदू भीतीच्या आठवणींना जणू कुंपण घालतो. हे क्रूर वाटतं, पण रानात राहणाऱ्या प्राण्याचा विचार करा. एकदा जिथे वाघ दिसला ती जागा दहा दिवस शांत राहिली म्हणून विसरली, तर अकराव्या दिवशी जीव जाईल.

आता काकूच्या पोटाचा प्रश्न. दबलेली भीती डोकं वर काढते त्याचे मुख्य रस्ते तीन. पहिला नुसत्या काळाचा, जो पाव्हलॉव्हच्या कुत्र्यांत दिसला. दुसरा, मूळ धक्क्याची एखादी झलक पुन्हा बसणं. तिसरा जागा बदलण्याचा, आणि काकूला तोच भोवला. हिप्पोकॅम्पस हा मेंदूचा भाग प्रत्येक आठवणीला 'कुठे, कोणत्या परिस्थितीत' याची चिठ्ठी लावतो. भीतीचा धडा या चिठ्ठीची फार पर्वा करत नाही, तो सगळीकडे लागू होतो. 'धोका नाही' हा धडा मात्र चिठ्ठीला घट्ट धरून बसतो. काकूने तो शिकला त्या गॅलरीत, त्या खुर्चीवर, शेजारच्या त्या पत्र्याच्या आवाजात. बेसाच्या फ्लॅटमध्ये पत्राच नाही. तिथे पाऊस काचेच्या सरकत्या खिडकीवर वाजतो. हिप्पोकॅम्पसने पाहिलं, ही जागा ती नव्हे. मग लाल सिग्नल देणारे धागे गप्प राहिले आणि जुनी तार थेट वाजली. चौथा माळा किती उंच आहे, हा हिशेब करणारं खातं वेगळं आहे. त्याचा निरोप पोहोचेपर्यंत हातपाय थरथरायला लागलेले असतात.

इथे एक औषधाची गोष्ट सांगायलाच हवी. क्षयरोगावर, विशेषतः नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणाऱ्या क्षयावर, सायक्लोसेरीन नावाचं जुनं औषध देतात. एनएमडीएच्या लॉकरला दोन किल्ल्यांखेरीज आणखी एक खाच असते, त्यात ग्लायसिनसारखा छोटा रेणू बसलेला लागतो. सायक्लोसेरीन नेमकं त्या खाचेत बसतं. २००४ साली अमेरिकेत उंचीची भीती असलेल्या २८ जणांवर प्रयोग झाला. त्यांना आभासी काचेच्या लिफ्टमधून वर नेलं जायचं आणि त्याआधी ही गोळी किंवा नकली गोळी दिली जायची. खरी गोळी घेतलेल्यांची भीती दोनच सत्रांत जास्त कमी झाली. फुप्फुसातल्या जंतूंसाठीचं औषध डोक्यातल्या भीतीवर चाललं, म्हणून फार आशा निर्माण झाली. पुढच्या चाचण्यांत मात्र परिणाम कधी दिसला, कधी नाही. एक कारण लक्षात आलं ते असं: गोळी फक्त शिकणं पक्कं करते. सत्र संपताना भीती उतरलेली असेल तर शांतता पक्की होते, आणि माणूस घाबरलेलाच बाहेर पडला तर भीतीही पक्की होऊ शकते. त्यामुळे कुणाच्या सांगण्यावरून अशी गोळी स्वतः घेऊ नका.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी मी बेसाला गेले तर कागदपत्रांची पिशवी पुन्हा दाराशी लटकत होती आणि काकू रात्रीची लाज वाटून माझ्याकडे पाहत नव्हती. मी तिला हिप्पोकॅम्पस वगैरे नावं सांगितली नाहीत. एवढंच म्हटलं, "काकू, तू जुन्या घरी शिकलेलं पुसलं गेलं नाही. ते त्या घरचं आहे. इथलं वेगळं शिकावं लागेल, पण पहिल्यासारखं शून्यापासून नाही."

तिने विचारलं, "मग प्रत्येक घरी नव्याने शिकू का?"

प्रश्न अगदी बरोबर आहे आणि उपचार करणारे त्याचं उत्तर त्यांच्या कामात वापरतात. एकाच खुर्चीवर बसून सराव करू नये. खोली बदलावी, वेळ बदलावी, कधी कुणासोबत, कधी एकटं, कधी रात्री, कधी बाहेर चालताना. 'धोका नाही' या धड्याला एकाऐवजी दहा चिठ्ठ्या लागल्या, की अकराव्या जागी तो आठवण्याची शक्यता वाढते. दुसरं म्हणजे पळवाटा काढून टाकायच्या. पाऊस सुरू होताच जिन्यात गेलं, की संकट आलं नाही याचं श्रेय मेंदू जिन्याला देतो. पाणी येणार असं धरून बसलेल्या पेशींचा अंदाज चुकायला हवा. तो चुकतो तेव्हाच डोपामिन नावाचं रसायन सोडणाऱ्या पेशी 'अरे, वाईट घडलंच नाही' असा निरोप देतात आणि नवा धडा लिहायला सुरुवात होते. दाराशी टांगलेली पिशवी तो अंदाज चुकू देत नाही.

ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी हे स्वतःच्या मनाने सुरू करू नये, जाणकाराला विचारून करावं. घाईने अर्धवट सोडलेलं सत्र उलटू शकतं. जवळ कुणी नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस क्रमांक मोफत आहे.

काकूच्या त्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी तिला बेसात नवा क्रम आखून दिला. पहिल्यांदा काचेची खिडकी बंद करून हॉलमध्ये, मग अर्धी उघडून, मग रात्री दिवा बंद करून. जुलैच्या मध्यावर खाली पार्किंगमध्ये, जिथे पाणी वाहताना दिसतं, तिथे पंधरा मिनिटं उभं राहायचं होतं. ते तिला दोनदा जमलं नाही. तिसऱ्यांदा तिने मला सोबत बोलावलं. पाणी रॅम्पवरून खाली येत होतं, चपलांच्या टोकांपर्यंत. तिने माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बोटांचे ठसे उठले. सातव्या-आठव्या मिनिटाला पकड सैल झाली. बाराव्या मिनिटाला ती म्हणाली, "काहून आली बाई मी इथं, चपला ओल्या करून राहिली नवीन." पिशवी अजून दाराशीच आहे. ती काढायचं या पावसाळ्यासाठी ठेवलं आहे.